सप्टेंबरातले अकरा दिवस

कुवेतमध्ये उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ गरम पाणी देतो. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी हाताला सोसवत नाही. म्हणून मे महिना लागला की आम्ही गिझर बंद करतो आणि गरम पाण्याचा नळ सोडतो. बंद गिझरमधलं पाणी घराच्या आत असतं, त्यातल्या त्यात निवलेलं असतं. नव्यानं आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मला इतक्या वर्षांत त्याची एवढी सवय झाली आहे, की सांगलीला माहेरी गेले की पहिले दोन दिवस मी चुकीचाच नळ सोडते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे तो नळ जरा कमी पोळतो. इथली माणसं म्हणतात, सुहैल उगवला. दक्षिणेला क्षितिजालगत पहाटे दिसणारा हा तारा. तो दिसला की उन्हाळ्याची रग संपत आली म्हणायची. आपण त्याला अगस्ती म्हणतो. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं असं आपल्याकडे सांगतात. इथं निवळायला नदी नाही, ओढा नाही. दमट वारा तेवढा असतो, खिडकीच्या काचेला बाहेरच्या बाजूनं दव धरतं, आणि रस्त्याच्या कडेच्या खजुरांवर बरही जातीचे पिवळे घोस लोंबत असतात. सुहैलचं नाव मला जयवंतनं सांगितलं. त्याला ते मरियमनं सांगितलं होतं. जयवंत माझा नवरा. मरियम त्याच्या संघातली, पंधराशे मीटर पळणारी मुलगी.

लोकांना हा आठवडा सुटकेचा वाटतो. ऑगस्टभर घरात कोंडलेली मुलं संध्याकाळी खाली उतरतात. मला मात्र तो नकोसा वाटतो. मिरकाबमधल्या माझ्या ऑफिसातून बाहेर पडलं की गारव्यातून एकदम वाफेत आल्यामुळे चष्म्यावर धुकं धरतं, आणि तो पुसत उभी असताना दरवर्षी तोच सप्टेंबर डोळ्यांपुढे येतो.

जयवंत कऱ्हाडजवळच्या गावातला. शाळेत असताना अनवाणी पळायचा, पुढं राज्यपातळीवर पळाला, मग गुडघ्यानं दगा दिला तेव्हा शिकवायला लागला. कुवेतला आला तो शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून. नंतर इथल्या एका खाजगी विद्यापीठानं त्याला मुलींच्या धावण्याच्या संघासाठी घेतलं. तिथं त्यानं आठ वर्षं काढली. घरी तो कमी बोलायचा, पण मैदानावर त्याला बोलताना ऐकावं. मुलीकडं पाठ करून उभा असला तरी पावलांच्या आवाजावरून सांगायचा, "डावा पाय ओढतेयस." इंग्रजी त्याचं मोडकं, अरबी त्याहून मोडकं, पण नऊ मुलींपैकी एकीलाही त्याचं म्हणणं कळलं नाही असं झालं नाही. कुणी कुवेती, कुणी इजिप्तची, एक केरळची. मरियम पॅलेस्टिनी घरातली, जन्मापासून कुवेतमध्येच वाढलेली, विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी. तिच्याबद्दल तो म्हणायचा, "हिला पळायला शिकवावं लागत नाही. थांबायला शिकवावं लागतं."

विद्यापीठाला मैदान एकच. संध्याकाळी ते मुलांच्या फुटबॉलला, त्यानंतर बाहेरच्या क्लबला. मुलींना वेळ मिळायची ती दुपारी एक ते अडीच. हिवाळ्यात ती वेळ चांगलीच वाटायची. पण सत्र सुरू होतं सप्टेंबरात. त्या वर्षी पहिल्याच दिवशी जयवंत स्पोर्ट्स डायरेक्टरकडं गेला आणि म्हणाला, महिनाभर तरी आम्हाला संध्याकाळ द्या. डायरेक्टर सभ्य माणूस, आवाज कधी न चढवणारा. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "कोच, दुपारच्या उन्हात काम करायला बंदी असते ती मजुरांना, आणि तीही ऑगस्टअखेर संपली."

घरी येऊन जयवंतनं मला ते सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. सरकारी कागदावर उन्हाळा संपला होता आणि आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. आपण हसलो होतो, याची मला आता लाज वाटते.

त्यानंतर आठवड्याच्या आतच तो एका संध्याकाळी घरी आला तो कमरेपर्यंत ओला. बुटांतून अजूनही पाणी येत होतं. मी म्हटलं, "काय झालं?" तो दारातच पायपुसण्यावर बसला. आमची सानिका तेव्हा बारावीत. ती तिच्या खोलीतून धावत आली आणि तिनं विचारलं, "बाबा, आर यू ओके?" तो म्हणाला, "मी आहे. मरियम आडवी झाली."

मग तुकड्या-तुकड्यानं त्यानं सांगितलं. शेवटच्या फेरीत मरियम वेडीवाकडी पळायला लागली. त्यानं हाक मारली, तर तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण ओळखलं नाही. मग ती पडली. अंग भाजत होतं आणि घाम अजिबात नव्हता. त्याची मदतनीस ग्रेस, मनिलाची मुलगी, तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. फुटबॉल संघाच्या सरबताच्या बाटल्यांसाठी एक मोठी बर्फाची टाकी भरून ठेवलेली होती. दोघांनी मिळून बाटल्या बाहेर फेकल्या, मरियमला कपड्यांसकट त्यात बसवलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जयवंत त्या टाकीत गुडघे टेकून तिचं डोकं वर धरून बसला होता. नंतर इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या वडिलांना सांगितलं की त्या बर्फामुळे मुलगी वाचली. तिच्या वडिलांनी सगळ्यांदेखत जयवंतच्या खांद्याचं चुंबन घेतलं. मूत्रपिंडांना मात्र धक्का बसलाच होता. मरियम दीड महिना इस्पितळात होती.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरनं त्याच्यापुढं अहवाल ठेवला. टाईप केलेला, एका पानाचा. सराव सायंकाळी पाच वाजता सुरू होता. विद्यार्थिनीने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. खाली प्रशिक्षकाच्या सहीची जागा.

"पाच वाजता नाही, दोन वाजता," जयवंत म्हणाला. "आणि ती जेवली होती. मी विचारल्याशिवाय कुणाला पळू देत नाही."

"खलास, कोच," डायरेक्टर म्हणाला. "मुलगी वाचली. फाईल बंद करू या."

जयवंतनं सही केली नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं, की वेळ बदलली नाही आणि अहवाल दुरुस्त केला नाही तर मी इथल्या उच्चशिक्षण मंत्रालयाला लिहीन. तोंडी सांगितलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. दोन बोटांनी टाईप करत होता. मी कणीक मळत होते. तास-दीड तासानं तो म्हणाला, "बघतेस जरा? व्याकरण." मी हात धुतले आणि वाचलं. कोणता दिवस, किती वाजता, हवेचं तापमान किती, कोण कोण हजर होतं, अहवालात काय खोटं लिहिलंय, आधी वेळ बदलून मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं, सगळं त्यानं लिहिलं होतं. एक जादा शब्द नव्हता. शेवटी होतं, हीच वेळ राहिली तर पुढच्या वेळी मुलगी वाचेलच असं नाही. मी दोन-तीन क्रियापदं दुरुस्त केली, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. चांगलं लिहिलंयस म्हटलं. आणि मग म्हटलं, "पाठवू नकोस अजून."

त्यानं मान वर केली.

"तुझा इकामा संपतोय. सानिकाचा तुझ्यावर आहे, माझ्यावर तिचा होत नाही. तिचं बारावीचं वर्ष आहे, जयवंत. एकदा इकामा वाढून येऊ दे, मग पाठव. चार-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना. परदेशात राहणाऱ्या माणसाला त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. इकामा आहे तर शाळा आहे, घर आहे, गाडी आहे, आजारी पडलं तर दवाखाना आहे. तो नसला तर माणूस विमानतळाकडं तोंड करून उभा. मी काही चुकीचं बोलत नव्हते. अजूनही मला तसंच वाटतं. कुठल्याही बाईनं तेच सांगितलं असतं. या वाक्याचा मला काडीचाही उपयोग होत नाही, तरी ते मी मनाशी म्हणत असते.

जयवंतनं लॅपटॉप मिटला.

मग ते अकरा दिवस. विद्यापीठाचे सरकारी कागद फिरवणारा एक मंदूब होता, अबू सलेम नावाचा. जयवंत रोज त्याला फोन करायचा आणि तो रोज प्रेमानं सांगायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. मी ऑफिसातून फोन करून विचारायची, "काय म्हणाला?" जयवंत म्हणायचा, "बुकरा." पुढं पुढं मी विचारेनाशी झाले.

त्या दिवसांतलं मला सगळं आठवतं आणि काहीच धड आठवत नाही. हवा इतकी दमट, की वाळत घातलेले कपडे संध्याकाळी घालताना अंगाला चिकटायचे. मैदान दोन दिवस बंद होतं, मग पुन्हा त्याच वेळेला सुरू झालं. जयवंतनं मुलींना उन्हात नेलं नाही. त्यांना जिन्यात चढउतार करायला लावायचा, इमारतीतल्या कॉरिडॉरमध्ये पळवायचा, आणि रोज कागदावर लिहून ठेवायचा की सराव आत घेतला. संध्याकाळी तो इस्पितळात जायचा. एकदा मीही गेले. मरियमचा चेहरा सुजला होता, हाताला नळ्या. मी नेलेले बरहीचे खजूर तिच्या आईनं घेतले, पण मुलीला देता येणार नाहीत असं हळूच सांगितलं. मरियमनं जयवंतला विचारलं, "कोच, किती लागला होता वेळ? शेवटच्या फेरीला?" त्यानं खोटाच एक चांगला वेळ सांगितला. ती हसली. गाडीत बसल्यावर तो बराच वेळ किल्ली हातात धरून बसून राहिला. मी म्हटलं, "निघू या का?" त्यानं गाडी सुरू केली आणि म्हणाला, "रोज त्या ड्राफ्टवर जाऊन येतो मी. उघडतो आणि बंद करतो."

"दोन दिवस," मी म्हटलं. "आता दोनच दिवस."

अकराव्या दिवशी सकाळी मला न विचारता त्यानं ते पत्र मंत्रालयाला पाठवलं. इकामा आलेलाच नव्हता. दुपारी त्यानं फोन केला. "पाठवलं गं." मी नुसतं बरं म्हटलं. समोर माझा साहेब उभा होता.

तेराव्या दिवशी त्याला नोकरी संपल्याचं पत्र मिळालं. विभागाच्या पुनर्रचनेमुळे हे पद रद्द करण्यात येत आहे. त्यावरची तारीख बघून जयवंतनं ते पत्र माझ्याकडं दिलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. आठ दिवसांपूर्वीची होती. म्हणजे आम्ही बुकरा-बुकरा ऐकत होतो तेव्हाच ते ठरलेलं होतं, आणि म्हणूनच इकाम्याचा कागद पुढं सरकत नव्हता. मी ज्याच्यासाठी थांब म्हटलं ते कधी येणारच नव्हतं. किंवा मग तारीख मागाहून घातली असेल. ते आम्हाला कधीच कळणार नाही.

महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर त्याला आणि सानिकाला परत जावं लागलं असतं. कुठलीही शाळा त्याला घेईना. आधीच्या ठिकाणाहून चौकशीला काय उत्तर जात होतं कोण जाणे. तेव्हा गावडेदादा आले. कुडाळजवळचे, वीस-बावीस वर्षं एकट्यानं कुवेतमध्ये काढलेले, वेल्डिंगचे फोरमन. गणपतीच्या आरतीला भेटायचे तेवढीच ओळख. ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, "मास्तरांनू, आमच्या शेठाक अम्गऱ्याच्या यार्डात माणूस होयो आसा. तुमका सांगूक माकाच लाज वाटता."

"लाज मला वाटायला पाहिजे," जयवंत म्हणाला. "मी कुणाचं तरी दार वाजवायला हवं होतं, तुम्ही माझं वाजवलंत."

अम्गरा म्हणजे शहराबाहेरचा भंगाराचा, वर्कशॉपांचा आणि बांधकामाच्या मालाचा इलाखा. तिथं एका यार्डात सळया, सिमेंट, पाईप घेऊन येणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायचं काम जयवंतला मिळालं. त्याचा इकामा त्या कंपनीवर गेला. आम्ही राहिलो. सानिकाचं वर्ष वाचलं. गावडेदादांनी त्याच्यासाठी एक मोठी गवती टोपी आणून दिली. ती घालून तो पहिल्या दिवशी निघाला तेव्हा सानिका खिडकीशी उभी होती. "इट्स नॉट फेअर, आई," ती म्हणाली. तिला मराठीत म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटलं. अन्याय झाला, हे कुणीतरी आपल्या भाषेत म्हणायला हवं होतं.

दावा लावायचा, हे जयवंतनंच ठरवलं. या खेपेला मी थांब म्हटलं नाही. वकील इजिप्तचे, वयस्कर, हळू आणि स्पष्ट इंग्रजी बोलणारे. ते म्हणाले, गैरप्रकार उघड करणाऱ्या माणसाला त्याबद्दल शिक्षा करता येत नाही. आपल्याला एवढंच दाखवायचं आहे की तुम्ही तक्रार केली म्हणून तुम्हाला काढलं. मग त्यांनी पत्राची तारीख पाहिली, तक्रारीची तारीख पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "आधी डायरेक्टरला सांगितलं होतंत, ते लेखी आहे?"

"नाही. तोंडी."

"साक्षीदार?"

"नाही."

मी म्हटलं, "ड्राफ्ट आहे. त्याच संध्याकाळचा. कॉम्प्युटरवर वेळ दिसते." वकिलांचा चेहरा जरा उजळला. ग्रेसचं नाव जयवंतनं काढू दिलं नाही. तिची नोकरी अजून तिथंच होती आणि मनिलात तिची दोन मुलं होती. मरियमच्या वडिलांचंही नाही. "तिची शिष्यवृत्ती आहे," तो म्हणाला. "माझ्या भांडणात तिला परत उन्हात उभं करू?"

कोर्टानं चौकशीसाठी एक तज्ज्ञ नेमला होता. त्याच्या खोलीत दोन्ही बाजूंना बोलावलं. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. विद्यापीठाचा वकील तरुण, चटपटीत. तज्ज्ञ माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळे कागद नीट वाचले होते. ड्राफ्टचा कागद हातात घेऊन त्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, "पत्र त्याच संध्याकाळी तयार होतं. मग अकरा दिवस पाठवलं का नाही?"

माझी पर्स माझ्या मांडीवर होती आणि मी तिचा पट्टा घट्ट धरला होता. जयवंतनं मागं वळून पाहिलं नाही. तो म्हणाला, "मला वाटलं, विद्यापीठ स्वतःहून चूक सुधारेल. म्हणून थांबलो."

दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं. तज्ज्ञानं लिहून घेतलं. विद्यापीठाच्या वकिलानंही लिहून घेतलं.

त्या माणसानं कधी कुणाला खोटं सांगितलेलं मला माहीत नव्हतं, इस्पितळात मरियमला सांगितलेला तो एक वेळ सोडला तर. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर वकील त्याच्यावर चिडले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "असं का सांगितलंत? खरं कारण काय होतं?" मी म्हटलं, "इकामा. आम्हाला भीती वाटत होती. मी त्याला थांब म्हटलं."

वकील माझ्याकडं वळले. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, हेच सांगायचं होतं. तक्रार केली तर नोकरी जाईल अशी भीती होती, हे सांगायचं होतं. भीती हाच आपला पुरावा होता."

"मी परत आत जाऊन सांगते," मी म्हटलं. जयवंतनं माझं मनगट धरलं. "नको. तुला त्यात ओढायचं नाही. तुझ्या ऑफिसपर्यंत जाईल ते." वकिलांनी नंतर लेखी अर्ज देऊन खुलासा करायचा प्रयत्न केला. पण एकदा दिलेला जबाब तो जबाब.

निकाल लागला तेव्हा हिवाळा होता. इथला हिवाळा फार सुंदर असतो. लोक वाळवंटात तंबू ठोकतात, आकाश धुतल्यासारखं दिसतं. निकालाचं इंग्रजी भाषांतर मी ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नोकरी संपवण्याचा निर्णय तक्रारीच्या आधीचा दिसतो, सबब तक्रारीमुळे काढले असे म्हणता येत नाही. पुढं होतं, अर्जदाराने स्वतःच सांगितल्याप्रमाणे विद्यापीठावर त्याचा विश्वास होता, त्यामुळे त्याला सूडबुद्धीची आशंका नव्हती हे उघड आहे. मुलींना दुपारी दोन वाजता पळवणं बरोबर की चूक, अहवालातली वेळ खरी की खोटी, याकडं कोर्टाला वळावंच लागलं नाही. सात पानांत मरियमचं नाव एकदा आलं होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. अपीलही तसंच गेलं. तेव्हा वाचायलासुद्धा फार काही नव्हतं.

लोक मला म्हणतात, निदान लढलात तरी. मी मान हलवते. लढणं काय असतं ते मी पाहिलंय. पावसात भिजल्यासारखा घामानं भिजून यार्डातून घरी येणारा माणूस आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून वकिलाकडं जायला निघतो आणि कागदांचं पाकीट छातीशी धरतो. हरल्यावर तो ते पाकीट कपाटात ठेवत नाही, टाकूनही देत नाही. ते दिवाणखान्यातल्या स्टुलावर महिनाभर पडून राहतं, आणि घरातला प्रत्येकजण त्याला वळसा घालून जातो.

सानिका आता पुण्यात शिकते. जयवंत अजून अम्गऱ्यात आहे. परत जाऊ या, असं मी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "गावात सगळे विचारतील, काय झालं. इथं कुणी विचारत नाही." पहाटे उठून समुद्राच्या कडेनं पळायचा तो आता पळत नाही. कॉर्निशवर, त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, आम्ही कधी फिरायला गेलो आणि मागून कुणी पळत आलं, की तो बाजूला होतो आणि खाली बघतो. पण तो ऐकत असतो. मला कळतं.

या वर्षी सुहैल उगवल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी जमइयात, म्हणजे आमच्या वस्तीच्या सहकारी दुकानात, भाजी घेत होते. "खाला," म्हणून कुणी हाक मारली. मावशी. वळून पाहिलं तर मरियम. जरा भरलेली, डोळ्यांखाली काळं, पण हसतमुख. शिक्षण संपलं होतं, एका शाळेत विज्ञान शिकवत होती. पळतेस का, असं विचारायला नको होतं, ते मी विचारून बसले. ती म्हणाली, "चालते. डॉक्टर म्हणतात चाल." मग म्हणाली, "खाला, कोचना सांगा, माझी धाकटी बहीण आता तिथंच शिकते. मुलींचा सराव आता संध्याकाळी असतो. मी तिथून बाहेर पडले त्याला दोन वर्षं व्हायच्या आत बदलली त्यांनी वेळ. नोटीस नाही, काही नाही. एक दिवस नुसतं वेळापत्रक बदललं."

मी भाजीची पिशवी तशीच काट्यावर सोडून तिला जवळ घेतलं. तिला वाटलं असेल, आनंदानं. आनंद होताही. पण त्याच्या पोटात जे होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आले तेव्हा जयवंत नुकताच येऊन टेबलाशी बसला होता, पायमोजे काढत. मी त्याला सांगितलं. त्याचे हात थांबले. मग तो म्हणाला, "दिवे लावलेत का? संध्याकाळी लवकर अंधारतं. वळणावर दिवा नसला तर पोरी पाय मुरगाळून घेतील."

"ते मी विचारलं नाही."

"विचार. फोन नंबर घेतलायस ना?" मग तो स्वतःशीच हसला. "बदलली. बरं झालं."

तेवढ्यानं त्याचं भागलं, हे मला सहन होईना. इतकी वर्षं जे ओठांवर येऊन मी गिळत होते, ते बाहेर पडलं. "जयवंत, त्या संध्याकाळी मी थांब म्हटलं नसतं तर तू आज तिथं असतास. वळणावरचा दिवा तू लावून घेतला असतास. एकदा तरी मला बोल. त्या तज्ज्ञापुढं माझं नाव घेतलं नाहीस, घरातही कधी घेतलं नाहीस."

तो पायमोज्याची गुंडाळी करत राहिला. अम्गऱ्याची धूळ त्याच्या भुवयांत अजून होती. मला वाटलं, तो नेहमीसारखा जाऊ दे म्हणेल. तो म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. तू थांब म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. पत्र लिहिलं होतं, पण पाठवायचा धीर होत नव्हता. तू थांब म्हणालीस, आणि माझ्या मनात आलं, चला, आता आपल्याला कारण मिळालं." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "इकामा तुझ्या तोंडी होता. भ्यालो होतो मी. तिथं त्या माणसापुढं तुझं नाव घेतलं असतं तर ते खोटं झालं असतं गं."

मी टेबलावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. सिमेंटनं तो हात खरखरीत झालाय. त्यानं तो काढून घेतला नाही, आणि उलटा करून माझा धरलाही नाही.